पहिल्याच दिवशी विचारा: वॉर्डातली श्रद्धा, मरण आणि मागे राहणारी माणसं

पेशंट भरती होताना केसपेपरवर धर्माचा एक रकाना भरला जातो आणि पुढे तो कुणी वाचत नाही. मग शेवटच्या रात्री एकदम सगळं समोर येतं. गळ्यातली तुळशीमाळ कुणी काढली यावरून वाद होतो, चमच्याने गंगाजल पाजताना ठसका लागतो, मंगळसूत्र कुठे गेलं म्हणून ओरड होते, बडव्याला, म्हणजे आदिवासी घराच्या मंत्र म्हणणाऱ्या जाणत्याला, गेटवरच अडवलेलं असतं. हे सगळं आपण नर्स कठोर आहोत म्हणून होत नाही. वेळेवर कुणी विचारलेलं नसतं, म्हणून होतं. ज्याला उत्तर देता येतं तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी देतो. शेवटच्या रात्री त्याची शुद्ध गेलेली असते आणि नातेवाईक पाच तोंडांनी पाच गोष्टी सांगतात.

विचारायचं कसं? क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी 1996 च्या सुमारास चार मुद्द्यांची एक पद्धत मांडली. ती 'फिका' या नावाने ओळखली जाते. श्रद्धा कशावर आहे, आयुष्यात तिला किती जागा आहे, सोबतीला कोण माणसं आहेत, आणि उपचारात आपण तिची दखल कशी घ्यावी, असे ते चार मुद्दे. खान्देशात हे प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले तर माणूस "काही नाही हो सिस्टर" म्हणून मोकळा होतो. "आबा, इतक्या वर्षांत अवघड वेळ आली तेव्हा आधार कशाचा वाटला?" असं विचारा, आणि अहिराणी येत असेल तर अहिराणीतच विचारा. "माय, तुमले कसाना आधार वाटस?" या एका प्रश्नाने जे बाहेर येतं ते छापील फॉर्मने येत नाही. कुणी मुक्ताईचं नाव घेईल, कुणी दर्ग्याचं, कुणी कानबाईचं. कुणी म्हणेल, मन्ही नात. तेही लिहायचं. देव न मानणाऱ्यालाही आधार लागतोच, आणि त्याच्या डोक्याशी उदबत्ती लावणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

दुखणं जोरात असताना हे विचारू नका. आधी औषध द्या, दुखणं दहापैकी तीन-चारवर आलं की खुर्ची ओढून बसा. पाच ते दहा मिनिटं पुरतात, पण ती बसून दिलेली हवीत. सलाइनचा वेग बघत विचारलेल्या प्रश्नाला कुणी मनातलं सांगत नाही. मिळालेली उत्तरं नर्सिंग नोट्समध्ये साध्या शब्दांत उतरवा: "वारकरी. माळ काढू नये. संध्याकाळी हरिपाठ ऐकायचा आहे. शेवट घरी व्हावा अशी इच्छा. मोठा मुलगा सुरतला, निरोप त्यालाच द्यावा." चार ओळींची ही नोंद ड्युटी बदलताना तोंडी सांगा. कागदावरच राहिली तर रात्रपाळीच्या सिस्टरला तिचा उपयोग नाही.

दुखणं कुठलं?

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या परिस्थितीचं आणि श्रद्धेचं असं एकत्रच असतं, ही त्यांची मांडणी आजही वॉर्डात रोज पटते. डोस वाढवला तरी दुखणं उतरत नाही, रात्री दोननंतर बेल वारंवार वाजते, पेशंट भिंतीकडे तोंड करून पडतो, "मन्हं काय चुकनं?" असं पुन्हा पुन्हा विचारतो, औषध घ्यायचं नाकारतो: ही चिन्हं दिसली की श्रद्धेच्या अंगाने चौकशी करायची. मात्र उलटी चूकही घडते आणि ती जास्त वाईट. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी पडलेल्या मॉर्फिनमुळे असतं, आणि आपण मात्र "मन अस्वस्थ आहे" असं लिहून मोकळे होतो. दुखण्याचा आकडा, डोसची वेळ आणि मध्ये लागलेली जादा औषधं आधी तपासा.

"मन्हं काय चुकनं?" याला उत्तर द्यायची घाई नको. "देवाची इच्छा", "मागच्या जन्माचं असेल", "धीर धरा, पोरांकडे बघा" ही तिन्ही वाक्यं समोरच्याचं बोलणं तिथेच बंद करतात. मागच्या जन्माचं बोलणं तर आजाराला शिक्षा ठरवतं. "हा प्रश्न तुम्हाला सारखा छळतोय ना?" एवढं म्हणून थांबा. त्यानंतरची शांतता सहन करायला शिकावं लागतं. बऱ्याचदा दोन मिनिटांनी खरी गोष्ट निघते: भावाशी शेतावरून मोडलेलं बोलणं, परजातीत लग्न केलेली मुलगी, न फेडलेला नवस. त्यावरचा उपाय अनेकदा एका फोनवर असतो. तो फोन लावून द्यायला डॉक्टरची ऑर्डर लागत नाही, पेशंटची परवानगी मात्र लागते.

आपला स्वतःचा देव पेशंटच्या खाटेशी न्यायचा नाही. त्याने मागितली तर प्रार्थनेला शांत उभं राहावं, पण आपण होऊन म्हणायला लावू नये.

घराघराची रीत

खान्देशात एकाच वॉर्डात लेवा पाटील, मराठा, गुजर, कोळी, भिल्ल, पावरा, मुस्लिम, बौद्ध, जैन, महानुभाव अशी सगळी माणसं शेजारी-शेजारी असतात. खाली लिहिलेलं विचारण्याची तयारी म्हणून वापरा, विचारण्याऐवजी नको. एकाच घरात वडील माळकरी आणि मुलगा नास्तिक असतो.

महानुभाव पंथाची घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते इतर देवतांची उपासना करत नाहीत. त्यामुळे कुणीतरी मायेने आणलेला अंगारा किंवा दुसऱ्या देवाचा प्रसाद त्यांना खटकू शकतो. बौद्ध कुटुंबात तुळस-गंगाजल पुढे करू नका. त्रिशरण-पंचशील म्हणायला जागा हवी का, ते विचारा. जैन पेशंट सूर्यास्तानंतर काही घेत नसेल तर संध्याकाळचा तोंडी डोस लवकर देता येईल का, ते डॉक्टरांशी दुपारीच ठरवा. रात्री आठला गोळी हातात घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. मुस्लिम पेशंटचा अंत जवळ आला की तोंड किबल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला करतात. बऱ्याचदा खाट फिरवून किंवा उजव्या कुशीवर वळवून हे जमतं. ऑक्सिजनची नळी पुरेल का एवढंच आधी बघा. कानाशी कलमा हळू म्हणणारं माणूस जवळ असू द्या. मृत्यूनंतर डोळे मिटणं, हनुवटी बांधणं, हातपाय सरळ करणं लगेच करायचं. अंघोळ त्यांचीच माणसं घालतात, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाया. दफन लवकर करायचं असतं, म्हणून कागद अडवून ठेवू नका.

सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पेशंटबरोबर बडवा किंवा भगत येतो. त्याला बाहेर काढलं की कुटुंबाचा आपल्यावरचा विश्वास जातो आणि दुसऱ्या दिवशी ते पेशंटलाही घेऊन जातात. दाणे टाकून बघणं, मंत्र म्हणणं, दोरा बांधणं याने कुठलंही औषध अडत नाही. डाम (तापलेल्या लोखंडाचा चटका) देणं, जखमेवर राख लावणं, झाडपाल्याचा काढा पाजणं मात्र चालणार नाही, आणि हे आधीच प्रेमाने सांगायचं. काढा आणलाच असेल तर तो कशाचा ते विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला.

दोरे, ताईत, माळा न विचारता कापू नका. सलाइन लावायच्या हातात दोरा असेल तर दुसरा हात घ्या. सूज येऊन दोरा रुतत असेल तर घरच्यांना दाखवून सैल करा, आणि काढावाच लागला तर उशीजवळ पिशवीत ठेवून नोंद करा.

दिवा आणि उदबत्तीबद्दल तडजोड नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेपासून तीन मीटरच्या आत ज्योत नको. उशी, चादर, केस यांत ऑक्सिजन मुरलेला असतो, ठिणगी पडली की भडका क्षणात होतो. बॅटरीवरचा दिवा घरच्यांना मान्य होतो, फक्त तो आधी सुचवावा लागतो.

शेवटचे दोन दिवस, आणि सुरतहून येणारा मुलगा

इथल्या किती घरांतली कमावती माणसं सुरतच्या उधना-लिंबायतला असतात, ते सगळ्यांना माहीत आहे. "बोलावू का त्याला?" हा प्रश्न सिस्टरलाच विचारला जातो. गोलमाल उत्तर दिलं तर मुलगा चिता पेटल्यावर पोहोचतो. म्हणून चिन्हं ओळखा. दिवसाचा बहुतेक वेळ झोप, खाणं-पिणं जवळजवळ बंद, लघवी कमी आणि गडद, गिळताना ठसका, माणसं ओळखण्यात गोंधळ: आता दिवस मोजायचे. गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर जाळी, हातपाय गार, श्वास जोरात होऊन मंदावणं आणि मध्येच थांबणं, जबडा हलवत घेतलेला श्वास, मनगटावर न लागणारी नाडी: आता तास मोजायचे. "नेमकी वेळ कुणालाच सांगता येत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर आजच्या गाडीने बोलावलं असतं" हे वाक्य प्रामाणिकही आहे आणि उपयोगीही. तो पोहोचेपर्यंत फोन कानाशी धरून बोलू द्या. शुद्ध नसली तरी ऐकू येतं असं धरूनच वागायचं, म्हणून खाटेशी जमिनीच्या वाटणीची चर्चा नको.

घशातल्या घरघरीने घरचे घाबरतात. गिळता न आलेली लाळ घशात हलते, तिचा तो आवाज. पेशंटला त्याचा त्रास सहसा होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. खोल सक्शन (नळीने स्राव ओढणं) करू नका, त्याने जास्त त्रास होतो आणि स्राव पुन्हा जमतो. डॉक्टर ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन ब्युटिलब्रोमाइड देतात. ते नवा स्राव कमी करतं, आधीचा काढत नाही, म्हणून आवाज सुरू होताच दिलेलं बरं.

आता गंगाजल. चमचाभर पाणी आडव्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. पण "पाणी देऊ नका" असं म्हणणं मुलाच्या मनात आयुष्यभर राहतं. बाप तहानलेला गेला, असं त्याला वाटत राहतं. रीतही राहील आणि ठसकाही लागणार नाही असं करा: खाट तीस-पंचेचाळीस अंशांवर, मान एका बाजूला, स्वच्छ कापसाचा बोळा किंवा स्पंज गंगाजलात बुडवून घट्ट पिळायचा आणि त्याने ओठ, हिरड्या, जीभ ओली करायची. तुळशीचं पान ओठाला लावून काढून घ्यायचं, तोंडात सोडायचं नाही. मुस्लिम घरातलं मक्केचं झमझमचं पाणीही असंच द्या. हे काम मुलाच्या, सुनेच्या, नातवाच्या हातून करून घ्या. एरवीही दर दोन तासांनी तोंड ओलं करावंच लागतं, ती पाळी त्यांनाच शिकवा. बाटलीतलं पाणी किती वर्षं देव्हाऱ्यात होतं ते विचारून घ्या. गढूळ असेल तर दोन थेंब प्यायच्या पाण्यात घाला. ओठांना तूप, खोबरेल, व्हॅसलीन लावायची सवय असते. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काही नको, पाण्यावर बनलेली जेली वापरा.

"माले घर लई चला"

ही मागणी आली की बहुतेक ठिकाणी एकच वाट दाखवली जाते: स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जा, इथे सही करा. हे मला अजिबात पटत नाही. त्या सहीबरोबर औषधं जात नाहीत, माहिती जात नाही, आणि माणूस गावी तडफडतो. ठरवून घरी पाठवणं वेगळं असतं. भारतात 2012 मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) कार्यक्रम आला आणि 2014 च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. जिल्हा रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह केअर कक्षाशी डिस्चार्जच्या आधीच बोला. बरोबर द्यायच्या गोष्टी: डॉक्टरने लिहिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या (साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते, दुखेल तेव्हा नाही), तिच्याबरोबर रोज शौचाला साफ होण्याचं औषध, पहिल्या काही दिवसांसाठी उलटी थांबवायचं औषध, आणि गिळणं बंद झालं तर काय करायचं ते लिहून. मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते. चार दिवस शौच न झालेला माणूस पोट फुगून कासावीस होतो आणि घरचे गोळीच बंद करतात, हे नेहमीचं. मॉर्फिन नीट डोसमध्ये दिलं तर मरण ओढून आणत नाही, हेही सांगा. गावात कुणीतरी उलटं सांगणारच.

कागदांचं आधी बघा. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहायचा नमुना 4अ भरायचा असतो, रुग्णालयात झाला तर नमुना 4. नोंद 21 दिवसांच्या आत. गावचा डॉक्टर "मी बघितलंच नाही" म्हणू नये, यासाठी डिस्चार्ज कार्डावर आजार, त्याची अवस्था आणि "घरी शेवटची शुश्रूषा" असं स्पष्ट लिहून घ्या.

गेल्यानंतर

"गेले" असं म्हणायचं की "वारले", ते घरानुसार ठरवा, पण "आता ते राहिले नाहीत" हे एकदा स्पष्ट सांगा. "सिरियस आहे" म्हणून गाडीत बसवून देऊ नका.

डोळ्यांवर ओला गॉझ, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल, डोक्याखाली उशी. उशी नसली तर रक्त उतरून चेहरा काळा-निळा पडतो आणि शेवटचं दर्शन तसंच लक्षात राहतं. दोन ते चार तासांत शरीर ताठायला लागतं, म्हणून कवळी, हात, पाय लगेच नीट करा. नळ्या काढून जागी पट्टी लावा. हातमोजे घाला, तरीही मृताला नावाने हाक मारून "वळवतेय हं आबा" म्हणणाऱ्या सिस्टर असतात, आणि बघणाऱ्या नातेवाइकांना त्याचं फार वाटतं. सवाष्ण बाई गेली तर मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी तशीच ठेवा. घरच्यांना ती हवी असतात. काढावं लागलंच तर दोन साक्षीदार, वस्तूंची यादी, घेणाऱ्याची सही. यादीत "सोन्याचं" लिहू नका, "पिवळ्या धातूचं" लिहा. नवरा गेला तर वॉर्डात बायकोच्या बांगड्या फोडायला कुणी पुढे आलं, तर तिला हाताला धरून बाजूला न्या. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं, हे माहीत असलं की बोलायला बळ येतं.

कपाशीवरच्या औषधाने विषबाधा, भाजणं, अपघात, सर्पदंश: ही पोलीस केस. इथे वरचं काही करायचं नाही. नळ्या जागेवर, अंग न धुता, कपडे कागदी पिशवीत. कुटुंबाला हे मृत्यूच्या आधीच, वेळ मिळाला तर, समजावा. 2021 पासून सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी आहे, पण आत्महत्या, खून किंवा संशय असेल तर सहसा सकाळपर्यंत थांबावं लागतं. तोवर घरच्यांना चेहरा बघू द्या, दुरून का होईना. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. वाट बघायची असेल तर शीतगृह किंवा शवपेटी आधी ठरवा, बर्फाच्या लाद्यांवर विसंबू नका.

पोटातच गेलेल्या किंवा जन्मताच गेलेल्या बाळाबद्दल मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे. "आईला दाखवू नका, तिला त्रास होईल" हे सासू, नवरा आणि आपणच ठरवून टाकतो. तिलाच विचारा, एकदा नाही म्हणाली तर दोन तासांनी पुन्हा विचारा. बाळाला पुसून, कापडात गुंडाळून, कसं दिसेल ते आधी सांगून हातात द्या. पायाचा ठसा कागदावर घेता येतो, स्टॅम्पपॅड पुरतं. नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्या. प्रसूती वॉर्डात रडणाऱ्या बाळांशेजारची खाट तिला देऊ नका. आणि दूध: दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरते, तेव्हा ती घरी असते आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. घट्ट आधार देणारे कपडे, थंड शेक, दुखणं कमी करायच्या गोळ्या; चोळायचं नाही, पूर्ण पिळून काढायचं नाही. दूध थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारून. ताप आला, छाती लाल झाली तर परत यायचं.

दारावर बसल्यानंतर

आपल्याकडे दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, माणसं येतात, दशक्रिया होते, राख तापीकाठच्या प्रकाशा किंवा चांगदेव या गावी सोडतात, गंधमुक्तीला गाव जेवतं. या दिवसांत घर भरलेलं असतं आणि रडायला माणसं असतात. ही व्यवस्था चांगली आहे, तिच्यात घाई करू नका. अवघड काळ चौदाव्या दिवशी सुरू होतो. सुरतची माणसं परत जातात, औषधांची पिशवी अजून खुंटीला असते. वॉर्डातून किंवा आशाताईमार्फत पहिला फोन तेराव्यानंतर, दुसरा दीड-दोन महिन्यांनी, तिसरा पहिल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी करा. आखाजीला पितरांची घागर भरतात, आगारी (पितरांचा घास विस्तवावर) टाकतात. पहिल्या वर्षी ती घागर आपल्याच माणसाची असते, आणि माहेरी आलेल्या मुलीला झोक्याची गाणी सहन होत नाहीत. फोनवर सल्ला नको. "आबांची आठवण कधी जास्त येते?" एवढं विचारा, मग झोप, जेवण, शेतात जाणं, दारू याबद्दल विचारा.

दुःखाच्या पाच पायऱ्यांबद्दल (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) नर्सिंगच्या पुस्तकात शिकवतात. कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाऱ्या पेशंटशी बोलून, आणि माणसं त्या क्रमाने चढत नाहीत. स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेलं जास्त पटतं: माणूस दुःखाकडे आणि रोजच्या कामाकडे आलटून पालटून जातो. सकाळी रडणारी बाई दुपारी कापूस वेचते, तर तिला दुःख नाही असं नव्हे. पण सहा महिन्यांनंतरही ओढ तशीच तीव्र, घराबाहेर पडणं बंद, काम ठप्प असेल तर डॉक्टरकडे पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेल्या दुःखाच्या आजाराला हीच किमान मुदत धरली आहे. "मीही त्याच्याकडे जाते" असं कुणी बोललं तर सहा महिने थांबायचं नाही. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी हलवायला सांगा, माणसाला एकटं ठेवू नका, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पेशंट आत्महत्येने गेला असेल तर त्या घरी दारावर बसायला माणसं कमी येतात. तिथे पहिला फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशीच करा.

आणि आपण. खाट रिकामी झाली की वीस मिनिटांत दुसरा पेशंट येतो. चादर बदलायच्या आधी खाटेशी जे कुणी असतील, मावशी, वॉर्डबॉय, डॉक्टर, त्यांनी मिळून अर्धा मिनिट शांत उभं राहायचं. ज्या ड्युटीत लहान मूल किंवा ओळखीचं माणूस गेलं, तिथे ड्युटी संपताना दहा मिनिटं बसून काय झालं ते बोलायचं, आणि चूक कुणाची हा विषय त्या दहा मिनिटांत काढायचा नाही. नवीन मुलीला तिच्या पहिल्या मृत्यूला एकटीने शरीर बांधायला लावू नका. सीनियर सिस्टरने बरोबर उभं राहावं, आणि त्या रात्री ती घरी कशी जाणार ते विचारावं.